३ मीटरचा ट्रेनर काइट: बडोद्याच्या मैदानात पाच महिने घासून झाल्यावर

बडोद्यात काइटबोर्डिंगचं, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावर पळायचं, खूळ डोक्यात घेतलेला मी एकटाच असेन असं वाटायचं, पण गेल्या दोन महिन्यांत मैदानावर चार-पाच जण तरी थांबून विचारून गेले, हे काय आहे, कुठे शिकवतात, पाण्याशिवाय कसं काय, आणि प्रत्येकाला घाम पुसत तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतोय, आता कोणी विचारलं की हेच पाठवणार. पहिला प्रश्न अर्थात "केटलानुं आव्युं?" हाच असतो, शेवटी आपलं गाव आहे. तर १६ हजार ५००, ऑनलाइन, बॅगेसकट.

वस्तू काय आहे ते आधी. ट्रेनर म्हणजे सरावाचा शिकाऊ पतंग, ३ चौरस मीटरचा, तीन दोऱ्यांचा फॉइल काइट. कामट्या नाहीत, कागद नाही, कापडाचे कप्पे कप्पे शिवलेत, तोंडाकडून वारा शिरला की गादीसारखा फुगतो. दोऱ्या २० मीटर, आणि हातात फिरकीच्या जागी एक आडवा दांडा, त्याला बार म्हणतात, डावं टोक लाल. डावी बाजू स्वतःकडे ओढली की काइट डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. सगळे नवीन लोक (मीपण) तो बार गाडीच्या स्टिअरिंगसारखा फिरवत बसतात आणि काइट ढिम्म हलत नाही, कारण ते स्टिअरिंग नाहीच, बैलाचा कासरा आहे, ज्या बाजूला न्यायचं ती बाजू ओढायची. तिसरी दोरी मधली, ती मनगटाच्या पट्ट्याला असते. बार हातातून सोडला की बाकीच्या दोन सैल पडतात, काइट फक्त त्या मधल्या दोरीवर लोंबकळतो, हवा जाते आणि ओल्या टॉवेलसारखा खाली येतो. ही तिसरी दोरी का महत्त्वाची ते पुढे माझ्या गुडघ्याच्या कहाणीत येईलच.

आता मुळात हे घेतलं का. बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री आहे, पण तिच्यात मगरी आहेत, त्यामुळे तो विषय संपला. मी फेब्रुवारीत रामेश्वरमच्या बाजूला तीन दिवसांचा कोर्स करून आलो, मदुराईपर्यंत विमान आणि पुढे १७० किलोमीटर गाडी. तिकडे डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा असतो आणि मग उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा, आणि पाणी उथळ, शांत, शिकायला एकदम बेस्ट. आणि मी गेलो होतो छाती फुगवून. दांडिया बाजारात वाढलेला पोरगा, पाच वर्षांचा असल्यापासून अगाशीवर उभा, बोटांवर मांजाच्या खुणा, मला कोण पतंग शिकवणार! शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, पतंग उडवतोस का, मी म्हटलं अर्थात, तर तो हसला आणि म्हणाला मग तुला जरा जास्त वेळ लागेल. मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं की माणूस बरोबर बोलत होता.

झालं काय, तर उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीत, आपल्याकडे दोन जाती असतात, खेंचवाले आणि ढीलवाले. मी खानदानी खेंचवाला, समोरच्याची दोरी लागली की सरसर ओढायचं, श्वास न घेता. माझा मामा ढीलवाला, तो फिरकी सोडत राहतो, सोडत राहतो, आणि तिकडे समोरचा आपोआप कापला जातो, आणि मामा वर न बघता चिक्की खात असतो. तर काइटबोर्डिंग हा शंभर टक्के ढीलवाल्यांचा खेळ आहे. पाण्यावरच्या खऱ्या काइटचा बार आपल्याकडे ओढला की ताकद वाढते आणि पुढे सोडला की ताकद जाते. म्हणजे घाबरून माणूस जे करतो, घट्ट धरतो आणि छातीशी ओढतो, ते बरोब्बर उलटं. मी तीन दिवसांत किती वेळा पाण्यात तोंडावर आपटलो मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी कारण एकच, खेंच. कोर्समधले पहिले दोन-अडीच तास वाळूवर ट्रेनर काइटमध्येच गेले, आणि ते तासाच्या हिशोबाने पैसे घेतात, तेव्हाच मनात आलं की हे तर घरी मैदानात करता आलं असतं की.

म्हणून मार्चमध्ये मागवला. एका ऑनलाइन दुकानातून, नाव लिहीत नाही कारण भांडण वाढवायचं नाही, पण तक्रार सांगतो. पहिल्या दिवसापासून काइट डावीकडे पळायचा. मी सरळ धरलाय, बार आडवा एकदम लेव्हलमध्ये, आणि हा आपला डावीकडे झुकतोय. दुकानवाल्यांना मेसेज केला तर उत्तर आलं की हवेमुळे होत असेल. दोन आठवडे मी स्वतःलाच शिव्या देत होतो. शेवटी मामा म्हणाला, अरे किन्ना (पतंगाला दोरी बांधतात ती जागा) बघितलास का? मग रविवारी अगाशीवर दोन्ही दोऱ्यांची काइटकडची टोकं कपडे वाळवायच्या हुकाला एकत्र अडकवली, दुसऱ्या टोकाला बार धरून मागे सरकत ताणला, तर बार उघड उघड तिरका! मामीच्या शिवणाच्या टेपने मोजलं, डावी दोरी ७ सेंटीमीटर आखूड. डावी आखूड म्हणजे डावी कायम ओढलेलीच, मग तो डावीकडे जाणार नाही तर काय. काइटला जिथे दोरी जोडतात तिथे गाठी गाठी असलेली छोटी शेपटी असते, मामाने चष्मा कपाळावर चढवून डाव्या शेपटीवरचा फास एक गाठ बाहेर सरकवला, पुन्हा ताणून बघितलं, बरोबर. पाच मिनिटांचं काम. किन्न्याचाच प्रकार आहे, म्हणाला, ह्यात काय शिकायला मदुराईला जायचं. तर घेतल्या घेतल्या आधी दोऱ्या मोजा, कंपनीवर विश्वास ठेवू नका, आणि वापरून वापरून दोऱ्या ताणतात म्हणून दर एक-दोन महिन्यांनी परत मोजा. खऱ्या काइटलापण हेच लागू आहे, तिथे तर चार दोऱ्या असतात आणि २२-२४ मीटरच्या.

बाकी क्वालिटी चांगली आहे. कापड कुठे उसवलं नाही, बॅग मजबूत आहे. मनगटाच्या पट्ट्याचं वेल्क्रो मात्र फालतू, धूळ बसली की पकड जाते, मी टूथब्रशने साफ करतो. सोबतच्या कागदावर चित्रंच चित्रं आहेत, त्यातलं एक मला अजून कळलेलं नाही. पाचपैकी चार देईन, एक त्या दोरीचा कापला.

आता मैदानाचं. बडोद्यात उडवायचं तर मोठं, मोकळं मैदान पाहिजे आणि आपण मैदानाच्या मध्यभागी पाहिजे. कडेला बिल्डिंग किंवा झाडांची रांग असली की वारा त्यांच्यावरून उडी मारून येतो आणि मागे भोवरे करतो, काइट एकदम जीव गेल्यासारखा पडतो आणि पुढच्या सेकंदाला झटका देतो. विजेच्या तारा दिसल्या की तिथे उघडायचाच नाही, ह्यात चर्चा नाही. वाऱ्याच्या दिशेला पुढे, म्हणजे काइट तुम्हाला जिकडे ओढून नेईल तिकडे, निदान दोऱ्यांच्या दुप्पट अंतर रिकामं पाहिजे, क्रिकेटवाली पोरं नकोत, पार्क केलेल्या ॲक्टिव्हा नकोत. समुद्रावरपण हाच नियम. तिथे अजून एक, वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर नवशिक्याने पाण्यात पाय टाकायचा नाही, कारण काही बिघडलं की तुम्ही श्रीलंकेच्या दिशेने. सरळ समुद्रातून अंगावर येणारापण नको, तो वाळूवर, दगडांवर आपटतो. तिरपा, बाजूने थोडा किनाऱ्याकडे येणारा वारा सगळ्यात चांगला.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत बडोद्यात हा काइट बाहेर काढू नका प्लीज. सगळ्या झाडांवर मांजा लोंबत असतो. मी तर मेमध्ये उडवत होतो तरी एका कडुलिंबावर अडकलेल्या जुन्या तुकड्याला माझी दोरी घासली, खाली घेऊन बघितलं तर अर्ध्याहून जास्त तंतू कापलेले, दाढीसारखे उभे राहिलेले. ह्या दोऱ्या ताणाला प्रचंड मजबूत असतात पण अशा घासण्याला टिकत नाहीत. नवीन जोड मागवावा लागला. पाण्यावर दुसऱ्याच्या दोरीला आपली दोरी का लागू द्यायची नाही हे त्या दिवशी नीट समजलं, तिथे काप्यो छे ओरडायला कोणी नसतं, तिथे माणूस लटकलेला असतो. आणि उडत्या काइटची दोरी हाताने धरायची नाही, बोटाला वेढा तर अजिबातच द्यायचा नाही, पतंगवाल्यांची ही सवय आधी मोडायची.

वारा मोजायला हातातला छोटा मीटर घ्या, मी दीड-दोन हजाराचा घेतलाय. वारा नॉटमध्ये मोजतात, १ नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर ताशी. मी हा काइट ८ ते १४ नॉटमध्येच उडवतो. लोकांना वाटतं १२ आणि १७ मध्ये काय एवढा फरक, पाचच तर जास्त आहे, पण ओढ वाऱ्याच्या वर्गाने वाढते, म्हणजे १२ चा १७ झाला की ओढ जवळजवळ दुप्पट, आणि १० चा २० झाला की चौपट. आणि आपल्याकडचा वारा समुद्रासारखा गुळगुळीत नसतो, मीटर धरून उभं राहिलं तर एका मिनिटात ६ पण दाखवतो आणि १३ पण. सरासरी बघू नका, सगळ्यात मोठा झटका केवढा आहे ते बघा.

शिकायचं काय तर मुख्य म्हणजे घड्याळ. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, डोक्यावर १२, डाव्या हाताला जमिनीलगत ९, उजव्या हाताला ३. ह्या कमानीच्या कडेला काइट असला की ओढ कमी, आणि कडेवरून सुटून तुमच्या बरोब्बर समोर मध्ये खाली आला की तिथे सगळी ताकद, तीच ती पॉवर झोन. सुरुवातीला काइट १२ वर स्थिर ठेवायचा, मग ११ आणि १ च्या मध्ये हळूहळू झुलवायचा, मग एका हाताने, मग न बघता. हे न बघता जमणं फार मोठी गोष्ट आहे, कारण पाण्यात बोर्डला पाय लावताना वर बघत बसलात तर बोर्ड गेला. मला न बघता एका हाताने १२ वर धरायला तीन आठवडे लागले, मग मी मोबाईलवर बोलत बोलत उडवायला लागलो, बायकोने व्हिडीओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, तो वेगळाच ताप झाला.

आता गुडघा. एप्रिलची संध्याकाळ, पश्चिमेकडे आभाळ काळं व्हायला लागलेलं, मामा कट्ट्यावर बसून म्हणतोय गुंडाळ आता, मी म्हणतोय दोन मिनिटं. पावसाच्या आधी जो धुळीचा लोट येतो तो आला. काइट १ वर होता, झटक्याबरोबर मी घाबरून बार धरला आणि ओढला, आणि दोन्ही हात सारखे ओढले जातात थोडेच, उजवा जास्त ओढला गेला, काइट वळून सरळ पॉवर झोनमधून खाली. ह्या ट्रेनरच्या बारला ताकद कमी करायची सोयच नसते, तो फिक्स असतो, ढील एकच, हात उघडणं. आणि माझी बोटं उघडेनात! डोक्याला माहितीये सोडायचं, तोंडाने मी स्वतःच सोड सोड म्हणतोय, बोटं मिटलेली. चार-पाच मीटर गुडघ्यांवर घसरत गेलो, ट्रॅकपॅन्ट फाटली, आणि मागून मामाचा आवाज आला, "ढील दे रे! ढीऽऽल!" आणि बोटं सुटली. चाळीस वर्षांत माझ्या कानाला तो आवाज आणि हाताचा काय संबंध बसलाय कोण जाणे. काइट समोर गप पडला. मनगटाची तिसरी दोरी होती म्हणून गप पडला, नाहीतर धुळीबरोबर रस्त्यावर, गाड्यांवर गेला असता. म्हणून दोन दोऱ्यांचा स्वस्त मिळतो तो घेऊ नका, चार-पाच हजार वाचतात पण हे नाही मिळत.

तेव्हापासून मी प्रत्येक वेळी उडवायला सुरुवात करायच्या आधी पाच वेळा मुद्दाम बार सोडतो. हवेत असताना, काही कारण नसताना, हात उघडायचे, पडू द्यायचं, पुन्हा उठवायचं. वेड्यासारखं दिसतं. पण पाण्यावर हेच तीन पायऱ्यांत करायचं असतं. पहिली, बार सोडा. तरी ओढत असेल तर दुसरी, कमरेच्या हार्नेसला जो फासा अडकवलेला असतो त्याचं क्विक रिलीज, ढकललं की काइट एकाच दोरीवर लुळा पडतो. तरीही ओढत असेल किंवा गुंता झाला असेल तर तिसरी, लीशपण, म्हणजे काइटला तुमच्याशी जोडणारी ती शेवटची दोरीपण, सोडा, काइट जाऊ द्या, काइट पुन्हा मिळेल. त्या फाशाला चिकन लूप म्हणतात. मामा शुद्ध शाकाहारी, त्याने दोनदा विचारलं चिकन कशाला, मला माहीत नव्हतं, मी पनीर लूप म्हटलं, आता घरी तेच नाव पडलंय.

ट्रेनरने काय शिकता येत नाही तेही सांगतो, नाहीतर कोणी मैदानात दोन महिने काढून सरळ समुद्रात उतरेल. खरा काइट वेगळा असतो, त्याच्या पुढच्या कडेला पंपाने हवा भरलेली नळी असते, त्यामुळे तो पाण्यावर पडला तरी तरंगतो आणि तिथून परत उठवता येतो. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू ह्या फ्रान्सच्या दोन भावांनी १९८४ मध्ये ह्याचं पेटंट घेतलं, त्याच्यावरच सगळा खेळ उभा राहिला. आपला फॉइल ट्रेनर पाण्यात पडला तर कप्प्यात पाणी भरून गोधडी होते. मग बॉडी ड्रॅग, म्हणजे बोर्ड न घेता नुसतं काइटने अंग पाण्यातून ओढून न्यायचं, सुटलेला बोर्ड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला राहिला असेल तर तिरपं तिरपं जाऊन आणायचा. बोर्डला दोरी बांधून ठेवायची आयडिया प्रत्येकाला सुचते, मलापण सुचली, ती करायची नाही, ताणलेली दोरी बोर्ड परत आणते तो सरळ डोक्यात. आणि सेल्फ रेस्क्यू, दोऱ्या बारला गुंडाळत गुंडाळत काइटपर्यंत पोचायचं आणि त्यालाच होडीसारखं धरून किनाऱ्याला यायचं. हे सगळं पाण्यातच, शिकवणाऱ्यासोबत, हेल्मेट आणि जॅकेट घालून. साधारण ९ ते १२ तास धरा नुसतं बेसिक यायला. युट्यूबवर बघून शिकणारे असतात, ते मला भेटलेत, एकाच्या हनुवटीला टाके होते.

कोणाला खेळ वाटत नसेल तर २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये होता, पहिल्यांदाच, शर्यती मार्सेलच्या समुद्रात झाल्या. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला उत्तरायण का नाही मग ऑलिम्पिकमध्ये. प्रश्न चूक नाही.

लहान मुलांबद्दल दोघांनी विचारलं. माझी भाची १२ वर्षांची, ३८ किलो, तिला मी ह्याच्यावर ८ नॉटच्या वर हात लावू देत नाही, आणि ती उडवते तेव्हा मागून तिच्या कंबरेचा पट्टा मी धरलेला असतो. मुलांसाठी दीड-दोन मीटरचे येतात ते घ्या. एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, ती माझ्यापेक्षा लवकर शिकली, कारण तिला पतंगाचा नाद नाही, ओढायचं असतं हे तिला कोणी शिकवलेलंच नाही.

मी ऑगस्टच्या शेवटी परत जातोय रामेश्वरमला, ह्या वेळी वाळूवरच्या ट्रेनरचे तास वगळून थेट पाण्यातले घेतलेत, शिकवणाऱ्याने व्हिडीओ मागवले, बघितले, आणि हो म्हणाला, म्हणजे तिथेच सहा-सात हजार वाचले.

गेल्या रविवारी पाऊस थांबला होता, मैदानात चिखल, वारा १० च्या आसपास. सेव उसळ खाऊन येताना मामा म्हणाला दे जरा. ६७ वर्षांचा माणूस, मी घाबरत घाबरत पट्टा त्याच्या मनगटाला लावला, मागे उभा राहिलो. पहिल्या झटक्याला त्याने इतक्या आरामात हात उघडले की जसं कोणाला पाणी ओतून देतोय. काइट पडला. पुन्हा उठवला, पुन्हा झटका, पुन्हा हात उघडे. १० मिनिटांत तो १२ वरून ११, ११ वरून १ असा झुलवत होता, वर बघायची गरजपण वाटत नव्हती, पाच महिने मी काय करत होतो मग. शेवटी बार माझ्याकडे दिला, हात झटकले, आजूबाजूच्या रिकाम्या आभाळाकडे बघून म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण ह्याने दुसऱ्याचा कापायचा कसा?"